झटकण्याचा मान

माझ्या स्वभावात एक खोट आहे आणि पन्नाशी उलटली तरी ती मी कुणापासून लपवत नाही. मला माझ्या मोठ्या बहिणीचा हेवा वाटतो. वाटायचा असं नाही, वाटतो. तिच्या उंचीचा, तिच्या हातच्या भाकरीचा, तिच्या गुणी सुनेचा. ती नुसती हसली तरी आजूबाजूच्या बायका काही न कळता हसायला लागतात, त्याचा तर फार. वय झालं की असले विकार गळून पडतात म्हणतात. माझ्या दोन दाढा पडल्या, हे काही पडलं नाही.

या सगळ्याच्या मुळाशी आमच्या वडिलांचा सदरा आहे.

वडिलांना आम्ही अप्पा म्हणायचो, आईला अव्वा आणि बहिणीला अक्का. आमचं गाव दुधनीच्या बाजूला. घरात निम्मं मराठी, निम्मं कानडी. कोरडवाहू जमिनीवर चार भावांचं भागेना म्हणून अप्पा सोलापुरात आले आणि पत्रे बसवणाऱ्या एका ठेकेदाराकडे लागले. यंत्रमागाचे कारखाने, गोदामं, शाळांचे व्हरांडे, पुढे चिंचोळी एमआयडीसीतली शेडं, असली कामं. लोखंडी पत्रा त्यांना आवडायचा नाही. त्यांचा जीव सिमेंटच्या पत्र्यावर. राखाडी, जाड, नागमोडी. त्याला ते 'एशी पत्रा' म्हणत. एसी म्हणजे थंड, एवढं इंग्रजी आमच्या गल्लीत सगळ्यांना येत होतं. सोलापूरचा उन्हाळा काय असतो ते ज्यानं लोखंडी पत्र्याखाली काढलाय त्याला विचारा. सिमेंटच्या पत्र्याखाली दुपारी डोळा लागायचा. म्हणून त्याचं नाव एसी, अशी आमची सगळ्यांची समजूत होती, अप्पांचीसुद्धा.

हा पत्रा करवतीनं कापावा लागतो, त्याला भोकं पाडावी लागतात, आणि दोन्हीत पीठ उडतं. अप्पा संध्याकाळी घरी यायचे ते डोक्यापासून पायापर्यंत पांढरे होऊन. भुवया पांढऱ्या, कानाच्या पाळ्या पांढऱ्या. अव्वाचा दंडक होता की ही पांढरी माती उंबऱ्याच्या आत येता कामा नये, कारण दारालगतच ज्वारीच्या पिठाचा डबा होता. मग अप्पा बाहेर फरशीच्या तुकड्यावर उभे राहायचे, हात पसरायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. आणि अक्का त्यांना झटकायची.

ते काम तिचंच होतं. तिच्या हातात एक जुना टॉवेल असायचा. आधी खांदे, मग पाठ, मग बाह्या. मग अप्पा सदरा काढून तिच्याकडे द्यायचे आणि ती तो दोन्ही हातांनी धरून फाडकन झटकायची. एकदा, दोनदा, तीनदा. उतरत्या उन्हात ती पांढरी भुकटी तिच्या केसांवर, पापण्यांवर उतरायची आणि ती तोंड उघडं टाकून हसायची. "साकु, साकु," अप्पा कानडीत म्हणायचे, म्हणजे पुरे. ते म्हणायचे पुरे, पण हलायचे नाहीत. त्यांना ते आवडायचं. दिवसभर उन्हात तापलेल्या त्या माणसाला दिवसातून एकदाच कुणी तरी असं हात लावायचं, आणि ते कुणी तरी म्हणजे अक्का.

माझ्याकडे काय? पाण्याचा तांब्या. तो घेऊन मी दारात उभी. झटकून झालं की अप्पा तांब्या घ्यायचे, चूळ भरायचे, तांब्या परत द्यायचे. माझ्याकडे बघायचेसुद्धा, पण तांब्याकडे बघावं तसं. मग खिशातून शेंगदाण्याच्या चिक्कीचे दोन तुकडे काढून अक्काच्या हातावर ठेवायचे. "धाकटीला दे." माझ्या वाट्याची चिक्कीसुद्धा मला तिच्या हातून मिळायची. मी ती खायचे, पण गोड लागायची नाही.

एकदा अक्का मावशीच्या लग्नकामाला आठ दिवस गावी गेली. मी सात वर्षांची असेन. त्या संध्याकाळी मी टॉवेल हातात घेऊन उंबऱ्यावर तयार. पहिल्या दिवशी अप्पा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी जोर लावून मारायला गेले तर टॉवेलचं टोक त्यांच्या डोळ्याला लागलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या हातातून टॉवेल काढून घेतला. "तुज्या हाताला जोर न्हाय गं. अक्का आल्यावर बगू." आणि पुढचे पाच दिवस ते तसेच, पांढरे, बाहेरच्या बाहेर अंग पुसून घरात यायचे. अव्वानं कुरकुर केली, तरी चालेल. पण माझ्याकडून नको. मी चुलीमागे बसून रडले आणि त्या आठ दिवसांत अक्काला काही तरी व्हावं असं मी देवाकडे मागितलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

हाताला जोर नाही म्हणून मला शाळेत घातलं, आणि मी मास्तरीण झाले. अक्काचं लग्न कुंभारीतल्या एका शेतकऱ्याच्या घरी झालं. लग्नात अप्पांनी काय द्यावं? तिच्या गोठ्यावर स्वतः चढून अख्खं एसी पत्र्याचं छप्पर घातलं. तीन दिवस राबले, आणि खाली अक्का, नवी नवरी, हातात टॉवेल घेऊन. माझं लग्न झालं तेव्हा माझ्या नवऱ्याचं घर स्लॅबचं होतं. मला काय घालणार? ताटवाटी मिळाली.

अप्पा गेले ते दम लागून. दमा म्हणाले, कुणी टीबी म्हणालं, कुणी तंबाखूवर ढकललं. शेवटी त्यांचं डोकं अक्काच्या मांडीवर होतं. माझ्या शाळेत परीक्षा चालू होती, मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्या मांडीचाही मला हेवा वाटला. काय करू, वाटला.

अलीकडे अक्काला धाप लागायला लागली. आधी जिना चढताना, मग अंगणात. छातीत पाणी झालं म्हणून सुईनं काढलं, महिन्यात पुन्हा झालं. टीबी म्हणून सहा महिने गोळ्या दिल्या. त्यानं तिचं अन्न तुटलं, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या, पण पाणी काही हटेना. मी रविवारी जायचे तर तिच्या खाटेभोवती निम्मी कुंभारी. कुणी पाय चेपतंय, कुणी ताक आणतंय. मी आजारी पडले तर शाळेतून एक फोन येतो, बाई उद्या येणार का म्हणून. तिच्या दुखण्यातसुद्धा तिचा थाट, असं माझ्या मनात आलं आणि माझी मलाच किळस आली.

शेवटी तिला सोलापुरातल्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. मीही बरोबर गेले. छातीच्या डॉक्टर एक तरुण बाई होत्या. हातात कागद, भराभर प्रश्न. तंबाखू? चूल? घरात टीबी? आणि मग, "ॲस्बेस्टॉसशी कधी संबंध आला होता? तुमचा किंवा घरात कुणाचा?"

"न्हाय बाई," अक्का म्हणाली. "आमी शेतीवाले."

"वडील काय करायचे?"

"शिमिटात काम करायचे," ती म्हणाली, आणि मीही मान हलवली. डॉक्टरांनी 'बांधकाम मजूर' असं लिहिलं. मी शिकलेली, बत्तीस वर्षं पोरांना शब्दांचे अर्थ सांगणारी, आणि माझ्या डोक्यात एक तारसुद्धा हलली नाही. ॲस्बेस्टॉस म्हणजे कुठल्या तरी परदेशी कारखान्यातली वस्तू, एवढंच मला माहीत. डॉक्टर म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात या, टीबीच्या जास्त कडक गोळ्या सुरू करून बघू. अक्का त्या जुन्या गोळ्यांनीच अर्धी झाली होती. कडक गोळ्या तिला झेपणार कशा, हे मला परत येताना रिक्षात बसल्यापासून खात होतं.

त्याच आठवड्यात आमच्या शाळेच्या व्हरांड्याचं काम निघालं. पत्रे तडकले होते, वारा आला की त्यातून भुरभुर खाली पडायची आणि पहिलीची पोरं त्यात बोटानं चित्रं काढायची. ठेकेदारानं लिहून आणलं होतं: 'जुने ए. सी. शीट काढून रंगीत पत्रे बसविणे.' ते वाचून मला अप्पांची आठवण आली आणि मी हसत म्हणाले, "आमचे वडीलही एसीच म्हणायचे. थंड राहतो म्हणून ना?"

तोही हसला. "न्हाय ओ बाई. ए म्हंजी ॲस्बेस्टॉस, शी म्हंजी शिमिट. ॲस्बेस्टॉस शिमिट. समदे तसंच म्हणत्यात, थंडीचं काय न्हाय त्यात."

मी तो कागद हातात धरून उभी राहिले. मला काय दिसावं? अक्काची छाती नाही, डॉक्टर नाही. फाडकन झटकलेला सदरा दिसला. एकदा, दोनदा, तीनदा.

"आणि हे जुने काढलेले कुठं टाकता?" मी विचारलं, काही तरी विचारायचं म्हणून.

"कुटं टाकणार? फोडून खड्ड्यात भर."

त्या दिवसानंतर मला हे शहर नीट बघता येईना. जिकडे बघावं तिकडे तो पत्रा. कोंबड्यांच्या खुराड्यावर, रांजणावर झाकण म्हणून, गटारीवर आडवा, रस्त्याच्या खड्ड्यात चुरा होऊन. आमच्या जुन्या गल्लीत तर अव्वानं अप्पांनी आणलेले तुकडे मोरीला लावले होते आणि आम्ही त्याच्याच ठिकऱ्यांनी ठिक्कर खेळायचो. निम्मं सोलापूर अप्पांसारख्यांनी झाकलंय आणि त्याखाली लोक सुखानं झोपतात.

मी दुसऱ्याच दिवशी कुंभारीला गेले. अक्काला म्हटलं, "अक्का, डॉक्टरीणबाई विचारत होत्या ते हेच. अप्पांचा पत्रा. तू सदरा झटकायचीस, ती भुकटी. त्यांना सांगायला पाहिजे."

ती भिंतीला टेकून बसली होती. तिनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "मी कुटं झटकायची? अव्वा झटकायची."

"अक्का!"

"अव्वाच झटकायची. तू बारकी हुतीस, तुला काय आठवतंय?"

मला आधी वाटलं तिला विसर पडला. मग कळलं. ती म्हणाली, "माजं दुकणं अप्पांच्या माथी मारतीस व्हय? मेलेल्या माणसाच्या नावाला बट्टा लावतीस? त्येनी पोटासाठी केलं, आपल्यासाठी केलं. खबरदार दवाखान्यात काय बोललीस तर." एवढं बोलून तिला धाप लागली आणि सुनेनं माझ्याकडे असं बघितलं की मी उठून निघाले.

आता बघा गंमत. जो मान तिला मिळाला म्हणून मी आयुष्यभर जळले, तो तिला नको होता. आणि तो तिचाच होता, हे आता मला सिद्ध करायचं होतं. नाही केलं तर कडक गोळ्या ठरलेल्या. दुसरं कुणी साक्षीला नव्हतं. अव्वा नाही, अप्पा नाहीत. त्या फरशीसमोर रोज उभं राहून बघणारी एकटी मीच होते.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांसमोर आम्ही दोघी बसलो. मी सांगितलं. पत्र्याचं खरं नाव, अप्पांचं काम, संध्याकाळची झटकाझटक, सगळं. अक्का भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत "मी न्हाय, अव्वा झटकायची," एवढंच म्हणाली. डॉक्टरांचा पेन थांबला. त्या मला म्हणाल्या, "या म्हणतात त्या झटकत नव्हत्या. आई झटकायची."

"खोटं आहे ते. हीच झटकायची. रोज. लग्न होईपर्यंत."

"तुम्ही लहान होता. इतकं नक्की कसं आठवतं तुम्हाला?"

"कारण मी जळत होते, डॉक्टर," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता, बाहेरच्या बाकावरचे लोक आत बघायला लागले. "मला ते काम पाहिजे होतं आणि मला मिळालं नाही. रोज दारात उभी राहून मी मोजायचे ती किती वेळा झटकते ते. तीन वेळा झटकायची. चौथ्यांदा झटकलं त्या दिवशी मी जेवले नव्हते. अजून विचारा, सांगते."

अक्कानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी पहिल्यांदाच. या वेळी ती नाही म्हणाली नाही. डॉक्टरांनी 'बांधकाम मजूर' खोडलं.

मग गोळ्या थांबल्या आणि तपासण्या सुरू झाल्या. छातीच्या आतल्या अस्तराचा तुकडा काढून पाठवला. निकाल आला. कॅन्सर, फुप्फुसाच्या बाहेरच्या अस्तराचा. चाळीस चाळीस वर्षांपूर्वी आत गेलेली भुकटी आत्ता डोकं वर काढते, डॉक्टर म्हणाल्या. नुसते कपडे झटकणाऱ्या बायकांनाही होतो. बरा होणार नाही. पाणी वरचेवर होऊ नये अशी सोय करता येईल, श्वास थोडा सोपा होईल, थोडे दिवस चांगले जातील. किती दिवस, ते अक्कानं विचारलं नाही आणि मीही नाही.

बाहेर बाकावर बसल्यावर ती बराच वेळ पदराशी चाळा करत होती. मग हळूच म्हणाली, "म्हंजी हे अप्पांचंच हाय म्हनायचं."

तिचा आवाज मी ओळखते. त्यात राग नव्हता. आईच्या गळ्यातली बोरमाळ आपल्या वाट्याला आली तर बाई जशी बोलेल, तशी ती बोलली. आणि देवाशपथ सांगते, मला तिथं, त्या बाकावर, कॅन्सरच्या कागदासकट बसलेल्या माझ्या बहिणीचा हेवा वाटला. तो जुनाच, सात वर्षांच्या पोरीचा. हेही तिलाच.

एकाच घरात वाढलात, तर तुम्हीही तपासून घ्या, असं डॉक्टर मला म्हणाल्या होत्या. मी जाऊन फोटो काढला, स्कॅन केला. निकालाची वाट बघत बसले असताना एक विचार माझ्या मनात येऊन गेला. एखादा डाग असावा. लहानसा, काही न करणारा, पण असावा. आला तसा लिहिते. नाही तर हे सगळं लिहायचं कशाला?

स्वच्छ निघालं. काही नाही. कुणी म्हणेल की वडिलांना कुठं तरी आत कळलं असणार, म्हणून त्यांनी धाकटीला त्या धुळीपासून लांब ठेवलं. माझ्या नवऱ्यानं असंच काहीसं म्हणून बघितलं. मी त्याला तिथंच थांबवलं. अप्पांना काही कळलं नव्हतं. कळलं असतं तर त्यांनी अक्काला तरी झटकायला दिलं असतं का? माझ्या हाताला जोर नव्हता, एवढंच. मी वाचले ती त्यामुळे.

रिपोर्ट घेऊन मी कुंभारीला गेले. भाचा गोठ्याचं छप्पर उतरवत होता. मी त्याला सांगून ठेवलं होतं, फोडू नको, कापू नको, पाणी मारून अख्खेच उतरव आणि तोंड बांध. पाणी मारलेले पत्रे भिंतीशी टेकून ठेवले होते. अक्काची खाट लांब लिंबाखाली ओढलेली. ती त्या उघड्या गोठ्याकडे बघत पडली होती.

"काय आलं तुजं?" तिनं विचारलं.

"काय न्हाय. साफ हाय," मी म्हणाले, आणि ते मी अशा आवाजात म्हणाले की जसा काही माझ्याकडून गुन्हाच झाला.

तिनं हात पुढं केला. पाकिटातून फोटो काढून तो उन्हाकडे धरला आणि बघत राहिली. तिला त्यातलं काय कळणार? तरी बघत राहिली. मग फोटो पोटावर ठेवून म्हणाली, "तू जळायचीस ते मला ठावं हुतं."

"कदीपास्नं?"

"पैल्यापास्नं की. दारात उभी ऱ्हायचीस, डोळं मोटं करून. लई मजा वाटायची मला. अप्पा साकु म्हनायचे, तरी मी थांबायची न्हाय. तू बगतीस म्हनून आनी एकदा झटकायची."

मी पदर डोळ्यांना लावला. तीन वेळा, चार वेळा, मी मोजत होते. ती माझ्यासाठी झटकत होती.

"रडू नगं," ती म्हणाली. "बारक्या पोरी हुतो दोगी. कुनाला काय ठावं?" तिला धाप लागली, ती थांबली, पुन्हा बोलली. "आता माजा लंबर. जरा हितं जवळ बस. बस की. आनी एक मोटा श्वास घे. आतपातूर घे. मला बगू दे."

मी तिच्याजवळ बसले आणि श्वास घेतला. तो सहज आत गेला, छाती भरली, काही अडलं नाही. ती माझ्या छातीकडे बघत होती, डोळे मोठे करून.

"आनी एकदा," ती म्हणाली.